पावणेचार इंचाची सुरी

2024 च्या गणपतीत, गौरी-विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, आबाकाकांनी मला मागच्या पडवीत बोलावलं आणि जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली एक सुरी माझ्या हातात ठेवली. सुरी कसली, सुरीचा उरलेला भाग. पाजवून पाजवून पातं करंगळीएवढं झालं होतं. मुठीला सुतळी बांधलेली, ती तेलकट काळी.

"माझो हात आता थरथरता," ते म्हणाले. "माघात राखण आसा. तूच बघ."

आमच्या वाडीची राखण दर तीन वर्षांनी असते. राखणदाराला, म्हणजे वाडीचं रक्षण करणाऱ्या देवाला, बोकड द्यायचा, मग तो सोलून, साफ करून, घरटी वाटे घालायचे. मान कापणारा मानकरी वेगळा. त्यानंतरचं सगळं काम, म्हणजे कातडं सोडवणं, पोट काढणं, काळीज-वजडी वेगळी करणं, सांधे सोडवणं, हे आमच्या घराकडे. आधी आजोबा, मग आबाकाका. सुरीही आजोबांचीच, त्यांच्या शिकारीच्या दिवसांतली. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकार बंद झाली. ठासणीची बंदूक त्याआधीच जमा केली होती. सुरी तेवढी राहिली आणि तिने पुढची पन्नास वर्षं फक्त राखणीचे बोकड सोलले.

मी भांडुपला राहतो, अंधेरीच्या एमआयडीसीत नोकरी करतो, आणि तोवर आयुष्यात कापलेला सगळ्यात मोठा प्राणी म्हणजे सुरमई. हाताशी पाच महिने होते. सुरी निवडण्यातच त्यातले चार गेले. कुणाला असलंच काही करायचं असेल तर निदान माझ्या चुका पुन्हा होऊ नयेत म्हणून सगळं लिहून ठेवतोय.

मुंबईत परतल्यावर पहिला मूर्खपणा पितृपक्षातच केला. बायको म्हणाली, "अहो, पितृपक्षात नवीन वस्तू घेऊ नये, त्यातून सुरी!" मी ऐकलं नाही. ऑनलाइन शोधलं की 'हंटिंग नाईफ' म्हणून जे दिसतं ते मागवलं. सात इंची काळं पातं, पाठीला करवतीचे दात, मुठीच्या बुडाला फिरकीचं झाकण आणि झाकणात होकायंत्र. 1,150 रुपये. मूठ आतून पोकळ, त्यात काडेपेटी आणि मासे धरायचा गळ. भांडुपमध्ये हरवलोच तर सोय.

रविवारी बाजारातून एक अख्खी गावठी कोंबडी आणली आणि तिच्यावर हात चालवून बघितला. मांडीच्या सांध्यात टोक घालून जरा पिळलं, तर पातं मुठीत फिरलं. तेव्हा कळलं की पात्याचं लोखंड मुठीत जेमतेम इंचभर गेलेलं होतं आणि एका खिळ्यावर टिकून होतं. रात्री आबाकाकांना व्हिडिओ कॉलवर ती सुरी दाखवली. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा बघितलं.

"ह्या काय हाडलंस? बोकड सोलूचो आसा की माड तोडूचो?"

बायको शेजारीच बसली होती. ती काही बोलली नाही. बोलायची गरजच नव्हती.

नवरात्र संपलं, दसरा झाला आणि मी आमच्या गल्लीच्या टोकाच्या मटणवाल्याकडे जाऊन खरं काय ते सांगितलं. माणूस खाटीक समाजातला, तीन पिढ्यांचं दुकान. त्याला आधी वाटलं की मला दुकान टाकायचंय. राखणीचं सांगितल्यावर सैल झाला. म्हणाला, "दादा, रविवारी सहाला या, गर्दी व्हायच्या आत. पण सोलायचं इथे नाही बघायला मिळणार. देवनारहून येतं ते सोललेलं, शिक्का मारलेलं येतं. सांधे सोडवणं बघा."

सहा रविवार गेलो. हातात काही धरायला मिळालं नाही, नुसतं उभं राहून बघायचं. पण सुरीबद्दल जे कळलं ते तिथेच. त्याच्यासमोर ओंडक्यावर तीन हत्यारं असायची. मोठा सत्तूर हाडासाठी, लांब सुरा मटणाचे तुकडे करायला, आणि एक लहानशी सुरी, जिच्याकडे गिऱ्हाइकाचं लक्षही जात नाही. सांधा सोडवताना, पडदा उचलताना, हाडाला चिकटलेलं मांस खरवडताना तो दर वेळी तीच उचलायचा. पातं चार इंचांच्या आतलं. तर्जनी पात्याच्या पाठीवर ठेवलेली असायची, म्हणजे टोक कुठे आहे ते न बघता कळतं. सात इंची पात्याचं टोक बोटापासून इतकं दूर जातं की ते आत काय करतंय याचा पत्ताच लागत नाही.

"मोठं पातं भीती घालायला," तो एकदा म्हणाला. "काम धाकटीचं."

मी विचारलं, मग हीच सुरी मिळते तशी आणू का? तो म्हणाला, सांध्याला चालेल, सोलायला नाही. त्याच्या सुरीचं टोक सरळ आणि टोकदार, सांध्यात घुसायला बरं. पण कातडं सोडवताना असं टोक दर चार बोटांवर कातड्याला भोक पाडतं, आणि पोट उघडताना आतड्याला. सोलायच्या सुरीचं टोक थोडं खाली उतरलेलं हवं आणि धारेला पोट हवं, म्हणजे टोकाकडे जाताना धार गोलाईने वर चढलेली हवी. ती गोलाईच कातडं आणि मांस यांच्यामधून सरकत जाते.

घरी येऊन वाचलं तर नेमकं हेच. पाठ हळूहळू धारेकडे उतरत आलेल्या या घाटाला 'ड्रॉप पॉइंट' म्हणतात आणि अमेरिकेतल्या बॉब लव्हलेस या सुरी करणाऱ्याने तो शिकाऱ्यांत लोकप्रिय केला. तिकडे हरणाची शिकार परवान्याने चालते आणि मारलेलं जनावर रानातच साफ करावं लागतं, त्यामुळे या विषयावर त्यांनी डोकं भरपूर चालवलंय. हरिण असो की बोकड, आतली मांडणी तीच. काही सुऱ्यांच्या पाठीला पोट फाडण्यासाठी आकडा असतो. मला तो फार आवडला होता. मग कळलं की त्या आकड्याच्या आतल्या बाजूला धार लावायची तर बारीक गोल कानस लागते आणि गावात ती लावून देणारा कुणी नाही. आकडा रद्द.

याच सुमारास मनात भीती शिरली. सुरी घेऊन लोकलने, मग रेल्वेने गावी जायचं. कुणी अडवलं तर? सोसायटीतल्या एका वकिलांना जिन्यात गाठलं. त्यांनी जिन्यातच सांगितलं, फी घेतली नाही. 1959 चा शस्त्र कायदा आणि त्याखालचे 2016 चे नियम यांत ज्या सुऱ्या शस्त्र म्हणून मोजल्या जातात त्यांचं पातं 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद असतं. घरगुती, शेतीच्या किंवा कारखान्याच्या कामासाठी बनवलेली हत्यारं त्यातून वगळली आहेत. कोयता घेऊन बाजारातून घरी जाणारा शेतकरी म्हणूनच गुन्हेगार ठरत नाही. पण, ते म्हणाले, महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37 खाली शहरात वेळोवेळी मनाई आदेश निघतात, तेव्हा सार्वजनिक जागी हत्यार बाळगायला बंदी असते. "सुरी कमरेला लावून फिरू नका. डब्यात बांधून, बॅगेच्या तळाशी, पावतीसकट. आणि शंका असेल तर चौकीत विचारा."

शंका होतीच. 21 ऑक्टोबरला पोलीस ठाण्यात गेलो. विधानसभेची आचारसंहिता लागून जेमतेम आठवडा झाला होता आणि मी जाऊन विचारतोय, साहेब, सुरी न्यायची आहे. ठाणे अंमलदारांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "कशाला?" राखण सांगितली. ते नेमके देवगडकडचे निघाले. हसले. "अहो, निवडणूक होऊ द्या. आता कुणी काही लिहून देणार नाही." निकालानंतर 28 नोव्हेंबरला पुन्हा गेलो, साध्या कागदावर अर्ज दिला, दोन प्रती काढल्या होत्या, एकीवर आवकचा शिक्का मारून घेतला. उत्तर आजतागायत आलेलं नाही. पण तो शिक्क्याचा कागद सुरीच्या डब्यात घडी करून ठेवला आहे आणि तो असला की छातीत धडधडत नाही. झेरॉक्सचे दोन रुपये सत्कारणी लागले.

याच सुमारास दोन बाजार केले. 19 ऑक्टोबरला चोर बाजार. मटण स्ट्रीट नावाच्या रस्त्यावर सुरी शोधतोय याची मलाच गंमत वाटत होती, पण तिथे मटण नाही, जुने ग्रामोफोन आणि गाड्यांचे पार्ट. एका दुकानात पितळी घंटांच्या ढिगाखाली एक जुनी परदेशी सुरी सापडली. पाच इंची पातं, चामड्याच्या चकत्या रचून केलेली मूठ. 2,000 सांगितले, 700 ला दिली. घरी आणून हुंगली तर मूठ कुबट. चामडं चरबी आणि रक्त पितं आणि ते कधीच पूर्ण धुतलं जात नाही. दिसायला मात्र फार देखणी.

तिचाही मी घात केलाच. धार गेलेली होती, म्हणून सायकलवर चाक फिरवणाऱ्या धारवाल्याला दिली. वीस रुपये. ठिणग्यांचा फवारा उडत होता, मी कौतुकाने बघत होतो. हातात आली तेव्हा टोकापासून अर्ध्या इंचापर्यंत पातं निळं पडलं होतं, मोराच्या मानेसारखं. तेव्हा मला ते सुंदर वाटलं. त्याचा अर्थ नंतर कळला. कोरड्या चाकावर टोक एवढं तापलं की पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलं. आता टोकाला धार लावली तरी दोन कापांत बोथट. चांगली सुरी कधीही कोरड्या फिरत्या चाकाला देऊ नका.

म्हणून पुढच्या शनिवारी नागदेवीला गेलो. मशीद स्टेशनला उतरून चालत पाच-सात मिनिटं. हत्यारांचा बाजार आहे, रविवारी बंद असतो. दोन अंगांचा निसणा, म्हणजे धार लावायचा दगड घेतला, एक बाजू खरबरीत, एक बारीक, 280 रुपये. दुकानदार गुजराती, वयस्क. मी ब्रँड विचारत होतो. तो म्हणाला, "दगड कोई पण लो. हाथ सरखा राखो." पातं दगडाशी साधारण वीस अंशांत धरायचं आणि शेवटपर्यंत तो कोन हलू द्यायचा नाही, एवढीच विद्या आहे. पहिले आठ दिवस मी धार लावत नव्हतो, घालवत होतो. मग एकाने युक्ती सांगितली की धारेच्या कडेला काळ्या मार्करने रेघ ओढायची. दगडावर चार वेळा फिरवून बघायचं, शाई कुठली गेली. धारेवरची शाई तशीच आणि वरची गेली असेल तर कोन कमी पडतोय. स्वयंपाकघरातल्या सगळ्या सुऱ्यांवर मी हे शिकलो. बायकोचं बोट दोनदा कापलं. तिला बोथट सुरीची सवय होती.

इतकं झाल्यावर कळून चुकलं की मला हवी ती सुरी तयार मिळणार नाही. अंबरनाथला एक पोरगा हौसेने सुऱ्या करतो असं ऑफिसातल्या एकाने सांगितलं. दिवसा कारखान्यात टूलरूमला, रात्री घरामागच्या शेडमध्ये भट्टी. 16 नोव्हेंबरला त्याच्याकडे गेलो, जाताना आबाकाकांची सुरी घेऊन. त्याने माझं बोलणं ऐकायच्या आधी ती सुरी उजेडात धरून बघितली, नखावर घासली आणि म्हणाला, "काका, हिचा घाट मूळचा कसा होता ते पाठीवरून कळतंय. हीच करू या परत."

मग पोलादावर तासभर. त्याच्याकडे दोन पर्याय होते. डी-टू, ज्यात सुमारे 12 टक्के क्रोम, धार खूप टिकते, गंज हळू धरतो, पण एकदा गेली की साध्या दगडावर परत आणायला घाम फुटतो. दुसरं ईएन-31, बेअरिंगचं पोलाद, कार्बन एक टक्क्याच्या आसपास, क्रोम दीडच टक्का. धार बारीक बसते, दगडावर पटकन येते, पण कोकणच्या हवेत विसरलात तर दुसऱ्या दिवशी तांबेरा. एका बोकडाला धार कितीशी जाणार? आणि गेलीच तर पडवीतल्या निसण्यावर पाच मिनिटांत परत आली पाहिजे. ईएन-31 ठरवलं.

बाकीचं असं ठरलं: पातं पावणेचार इंच, रुंदी इंचभर, पाठ तीन मिलीमीटर. याहून जाड पातं मांसात पाचरीसारखं अडतं. पात्याचं पोलाद मुठीच्या शेवटपर्यंत सलग, ज्याला ते लोक फुल टँग म्हणतात. पहिल्या सुरीची आठवण ताजी होती, त्यामुळे यावर मी अडूनच बसलो. मूठ लाकडाची नको, चामड्याची नको. कापडाचे थर राळेत दाबून केलेली मायकार्टा नावाची वस्तू त्याच्याकडे होती. ती ओली झाली की उलट जास्त पकड देते. रंग मी काळा सांगितला. तो म्हणाला, "नारिंगी घ्या. गवतात पडली तर?" मला ते पोरकट वाटलं, पण मान डोलावली. आणि मूठ जिथे पात्याला मिळते तिथे खाली एक खाच-उंचवटा, म्हणजे चरबीने हात घसरला तरी बोट धारेवर जाणार नाही. या एका उंचवट्याला मी आज सगळ्यात जास्त मार्क देईन.

किंमत 3,800, आगाऊ 1,500. पाच आठवडे म्हणाला. लागले सात, कारण पाणी द्यायचं काम तो बाहेरच्या भट्टीत करून घेतो आणि तिथे दहा-बारा पाती जमल्याशिवाय भट्टी लावत नाहीत. कुरिअरने पाठवतो म्हणाला, पण काउंटरवरच्या माणसाने पावतीवर 'सुरी' शब्द वाचून पाकीट परत केलं. 'किचनवेअर' लिहा, असं कुणीतरी सुचवलं. खोटं कशाला लिहायचं? 4 जानेवारीला स्वतः जाऊन आणली. अंबरनाथहून स्लो लोकल, डबा मांडीवर. शेजारच्या आजोबांनी विचारलं, मिठाई का?

मार्गशीर्ष मात्र अख्खा कोरडा गेला. आमच्याकडे गुरुवारची पूजा असते आणि बायकोने महिनाभर घरात मांस शिजवलं नाही. तो महिना दगडाला आणि रेल्वेच्या तिकिटाला दिला. तिकिटाची एक गोष्ट सांगतो. 1 नोव्हेंबर 2024 पासून आगाऊ आरक्षण 120 ऐवजी 60 दिवसांवर आलं, हे आमच्या वाडीतल्या निम्म्या मुंबईकरांना माहीत नव्हतं. आणि दादरहून सुटणारी तुतारी एक्सप्रेस रात्री बारा वाजून गेल्यावर निघते, म्हणजे शुक्रवारी रात्री निघायचं तर तिकीट शनिवारच्या तारखेचं. दर वर्षी कुणी ना कुणी यात फसतो आणि फलाटावर टीसीच्या पाया पडतो.

19 जानेवारीला, रविवारी, कर्जतकडे साडूंच्या भावकीत हळद होती. आगरी हळद, म्हणजे मटण आलंच. साडूंना आधीच सांगून ठेवलं होतं की एक बोकड मला द्या. पहाटे साडेपाचला परसात आंब्याच्या फांदीला बोकड मागच्या पायांनी टांगला होता, नुकता कापलेला, वाफ येत होती. चार जाणते, आठ बघे. मी टाचेच्या शिरेजवळ पहिला काप घेतला आणि हात इतका कापत होता की आबाकाकांची आठवण झाली.

तिथे शिकलो की सुरीचं काम फार थोडं असतं. पायाभोवती गोल काप, मांडीच्या आतून पोटापर्यंत एक रेघ. ही रेघ वरून दाबून मारायची नाही. टोक कातड्याखाली घालायचं, धार आकाशाकडे, आणि आतून बाहेर कापत न्यायचं. म्हणजे केस मांसात जात नाहीत आणि धारही केसांवर मरत नाही. एकदा कड सुटली की सुरी बाजूला आणि हाताची मूठ आत. मुठीने ढकललं की कातडं पडद्यावरून सुटत येतं, ओल्या उशीचा अभ्रा काढावा तसं. मी उत्साहाने सुरीच चालवत राहिलो आणि बरगडीवर कातड्याला तीन भोकं पाडली. एक म्हातारे पुढे आले, माझ्या हातातून सुरी काढून घेतली, दातात धरली आणि मुठीने अर्धी बाजू दोन मिनिटांत मोकळी करून दाखवली. दातात सुरी धरायचा सल्ला मी देणार नाही.

पोट उघडताना पहिल्या दोन बोटांच्या बेचक्यात टोक धरायचं, बोटं आतून भिंत उचलून धरतात आणि आतडी पाठीमागे राहतात. त्याआधी गुदाभोवती कापून ते दोऱ्याने घट्ट बांधायचं. बांधलं नाही तर काय होतं ते मी लिहित नाही. मूत्राशय चिमटीत धरून वेगळं. काळजाला चिकटलेली पित्ताची हिरवी पिशवी काळजाचा छोटा तुकडा सोबत घेऊनच कापायची, कंजुषी करायची नाही. फुटली तर त्या भागाचं मटण कडू. माझी फुटली नाही. हे लिहिताना अजूनही हायसं वाटतं. पण ओटीचं हाड फोडायला मी हीच सुरी वापरली, पाठीवर दगड ठोकून. म्हाताऱ्यांनी कपाळाला हात लावला. धारेला दोन दाते पडले. हाड सत्तूरचं, हे मटणवाल्याकडे सहा रविवार बघूनही मी विसरलो होतो.

दाते काढायला तीन संध्याकाळी लागल्या. आणि त्यात भर म्हणजे कर्जतहून येताना सुरी ओलसरच चामड्याच्या म्यानात घातली होती. दुसऱ्या दिवशी काढली तर पात्यावर तीळ टाकल्यासारखे तांबूस ठिपके. अंबरनाथच्या त्या पोराला फोन केला. "काका, म्यान न्यायला. ठेवायला नाही. चामडं ओल धरतं." तेव्हापासून कामानंतर कोमट पाणी आणि भांड्याचा साबण, कोरड्या फडक्याने पुसायची, खोबरेल तेलाचा हात फिरवायचा आणि वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवायची. खोबरेल खाण्यात गेलं तरी चिंता नाही. पातं आता करडं-निळसर पडलंय, ते पडू द्यायचं. गंज लाल असतो, हा रंग वेगळा.

एकदा ती ऑफिसच्या बॅगेत चुकून राहिली आणि मेट्रोच्या तपासणीत सापडली. चूक सर्वस्वी माझी. शिपायाने शांतपणे बाजूला घेतलं, कागद वाचला आणि आत सोडणार नाही म्हणून सांगितलं. रिक्षाने गेलो, 190 रुपये. तेव्हापासून तो डबा कपाटाच्या वरच्या फळीवर, आणि ऑफिसची बॅग त्या खोलीतही नसते. विमानाने जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, केबिनच्या बॅगेत सुरी चालतच नाही, चेक-इनच्या सामानातच टाकायची.

8 फेब्रुवारीला सकाळी कणकवलीला उतरलो. दुसऱ्या दिवशी राखण. गाऱ्हाणं झालं, मानकऱ्याने आपलं काम केलं, आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. आबाकाका प्लास्टिकच्या खुर्चीवर, माझ्यापासून चार हातांवर. सुरीकडे त्यांनी बघितलंच नाही, माझ्या हाताकडे बघत होते. मधेच एकदा म्हणाले, "दाबू नको. सुरी बोटात धरूची, हातात नाय." मी पकड सैल केली. टोक आपोआप पडद्यावर आलं.

पाऊण तास लागला. आबाकाका वीस मिनिटांत करायचे. कातड्याला एकच भोक. मधे एकदा हात पुसताना सुरी पाचोळ्यात पडली आणि क्षणभर पोटात गोळा आला, पण नारिंगी मूठ आंब्याच्या पानांत लांबूनही दिसत होती. हाडांसाठी शेजारच्या घरचा कोयता आणून ठेवला होता, सुरीने हाडाला स्पर्शही केला नाही. दुपारी बारापर्यंत पानांवर एकवीस वाटे घालून झाले.

हात धुऊन पडवीत आलो तर आबाकाका सुरी घेऊन बसले होते. अंगठ्याने धार आडवी तपासली. मनगटावरचे चार केस काढून बघितले. जुन्या सुरीशेजारी नवी ठेवली, पाठीला पाठ लावून. घाट जुळला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "कितक्याक घेतलंस?"

3,800 सांगायची माझी हिंमत झाली नाही. "बाराशे," मी म्हणालो.

त्यांनी सुरी फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिली.

"लुटल्यान तुका."